धम्माचा आरसा

धम्मदीक्षा घेण्यास किती वेळ लागतो? त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा यांचा उच्चार करण्यास अर्धा तासही पुरतो. परंतु दीक्षेनंतरचा दिवस चोवीस तासांचा असतो, आणि त्याच्यामागून दुसरा, तिसरा असे दिवस येतच राहतात. त्या दिवसांचे काय करावयाचे, हा नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबापुढचा खरा प्रश्न आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूर येथे बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली व नंतर समोर जमलेल्या लाखो लोकांना ती स्वतः दिली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ज्यांनी हात वर करून प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या घरी जाऊन त्या पाळल्या जातात की नाही हे पाहावयास बाबासाहेब उरले नाहीत. आजही दरवर्षी दीक्षाभूमीवर दीक्षा घेऊन कुटुंबे आपापल्या गावी परततात, तेव्हा त्यांच्या मागोमाग कोणी तपासनीस जात नाही. मग तपासणी कोणी करावयाची? धम्माचे उत्तर सरळ आहे. ज्याने प्रतिज्ञा घेतली त्यानेच, रोज.

शील ही शिकवणी आहे

पंचशील आपण पाली भाषेत म्हणतो आणि पुष्कळदा अर्थाकडे लक्ष न देता म्हणतो. प्रत्येक शिलाच्या ओळीत 'सिक्खापद' हा शब्द येतो, तिकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. सिक्खापद म्हणजे शिक्षापद, शिकण्याचा नियम. ही आकाशातून आलेली आज्ञा नव्हे. 'मी अमुक गोष्टीपासून अलिप्त राहण्याची शिकवण स्वीकारतो', असे आपण स्वतःच स्वतःला सांगत असतो.

आज्ञा आणि शिकवण यांत मोठे अंतर आहे. आज्ञा मोडली की शिक्षा होते, किंवा आज्ञा देणाऱ्याची मनधरणी करून सुटका करून घेता येते. शिकवणीचे तसे नसते. शिवणकाम शिकणारा मुलगा दिवसभर मशीनवर बसतो आणि संध्याकाळी आपली टीप तपासतो. वाकडी गेली असेल तर उसवून पुन्हा मारतो. त्याला कोणी पापी म्हणत नाही. पण जो मुलगा आपली टीप कधी पाहतच नाही, तो वीस वर्षे मशीनवर बसला तरी शिंपी होत नाही. पंचशील रोज म्हणणारा परंतु दिवसाकडे कधी वळून न पाहणारा उपासक असाच मशीनवर बसलेला असतो.

राहुलाला केलेला उपदेश

मज्झिम निकायात राहुलाला केलेल्या उपदेशाचे एक सुत्त आहे. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहुल राहत होता. भगवान बुद्ध संध्याकाळी त्याच्याकडे गेले. राहुलाने बसावयास आसन मांडले, पाय धुण्यास पाणी दिले. पाय धुऊन झाल्यावर तथागतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि त्या थेंबभर पाण्याकडे बोट दाखवून मुलाला सांगितले की, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेच उरलेले असते. मग ते पाणी ओतून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी तोच बोध केला.

एवढे झाल्यावर तथागतांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. त्यावर तथागतांनी सांगितले की, तसेच कायेचे, वाचेचे व मनाचे प्रत्येक कर्म पुन्हा पुन्हा पाहून करावे. करण्यापूर्वी पाहावे, करीत असता पाहावे आणि करून झाल्यावरही पाहावे. पाहण्याची कसोटीही त्यांनी दिली. या कर्माने मला अपाय होतो काय, दुसऱ्याला होतो काय, दोघांनाही होतो काय?

या उपदेशात ध्यानात घेण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही की, कायेने किंवा वाचेने काही चुकले तर ते मनात कोंडून ठेवू नये. आपल्या शास्त्यापाशी अथवा सुज्ञ सोबत्यापाशी उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा, असे तथागत सांगतात. दुसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो. पाहिल्यावर कर्म कुशल आढळले तर त्याचा आनंद मानावा व रात्रंदिवस कुशलाचा अभ्यास करावा, असेही ते सांगतात. म्हणजे आरशात केवळ डाग शोधावयाचे नसतात. चेहरा स्वच्छ असेल तर तोही पाहावयाचा असतो.

पुढे शेकडो वर्षांनी सम्राट अशोकाने बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत अशा काही धम्मग्रंथांची नावे कोरविली. त्यांत असत्य भाषणासंबंधी राहुलाला केलेला उपदेश आहे. बापाने मुलाला केलेला हा बोध गृहस्थांनीही ऐकण्याचा आहे, असे त्या सम्राटाला वाटले होते.

आत्मा मानीत नाही, मग परीक्षण कोणाचे?

येथे एखादा चिकित्सक तरुण विचारील की, आपण बौद्ध आत्मा मानीत नाही, मग हे आत्मपरीक्षण कोणाचे? प्रश्न योग्य आहे. म्हणूनच या लेखात 'आत्मपरीक्षण' या रूढ शब्दाऐवजी 'स्वपरीक्षण' हा शब्द वापरला आहे. शरीराच्या आत एखादा अमर, शुद्ध आत्मा दडला असून डोळे मिटून त्याचे दर्शन घ्यावयाचे आहे, असा याचा अर्थ नाही. ज्याचे परीक्षण करावयाचे ते कर्म आहे: आज सकाळी उच्चारलेला शब्द, दुपारी उगारलेला हात, रात्री मनात घोळवलेला मत्सर. आत्मा दिसत नाही, पण ही कर्मे दिसतात आणि ती ज्याच्यावर पडतात त्याला लागतात.

आत्मा अमर आणि न बदलणारा मानला तर सुधारणेला जागाच उरत नाही. माणूस क्षणोक्षणी घडत असतो, हे अनित्यतेचे तत्त्व मान्य केले की मग कालचा रागीट मनुष्य आज थोडा कमी रागीट होऊ शकतो. अनात्मवाद आणि स्वपरीक्षण यांत विरोध नाही. एकाने दुसऱ्याला वाव दिला आहे.

त्याचप्रमाणे स्वपरीक्षण ही प्रार्थनाही नव्हे. प्रार्थना करणारा कोणाकडे तरी क्षमा मागतो आणि मोकळा होतो. धम्मात क्षमा करणारा देव नाही, पाप धुणारी नदी नाही, दक्षिणा घेऊन प्रायश्चित्त सांगणारा भटजी नाही. हे ऐकावयास कठोर वाटते, परंतु त्यातच माणसाची प्रतिष्ठा आहे. ज्याच्या चुकीचा जाब दुसऱ्याला द्यावयाचा नसतो, त्यालाच स्वतःचा जाब स्वतः घेण्याचा अधिकार मिळतो.

अन्याय सोसणाऱ्यानेच दोष मोजावेत काय?

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळू. तो असा की, हजारो वर्षे ज्यांनी आमच्यावर अन्याय केला ते मोकळे, आणि आम्ही मात्र रोज रात्री बसून आपलेच दोष मोजावयाचे! हा न्याय कोणता?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजाला 'स्वतःकडे पाहा' असे पूर्वी अनेकदा सांगितले गेले आहे आणि ते फसवून सांगितले गेले आहे. तू अस्पृश्य का? पूर्वजन्मीच्या पापामुळे. तू उपाशी का? तुझे कर्मच तसे. अशा रीतीने दुसऱ्याने केलेला गुन्हा सोसणाऱ्याच्या नावावर चढविला गेला, आणि माणूस आपल्याच दुःखाचा आरोपी होऊन बसला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या या सिद्धांतावर कडाडून हल्ला केला आहे. गरीब व दीनदुबळ्या माणसांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकून टाकण्यासाठीच असा सिद्धांत उपयोगी पडतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

म्हणून नवदीक्षित बंधुभगिनींनी स्वपरीक्षणाची पहिली मर्यादा पक्की ठरवून घ्यावी. आरसा धरावयाचा तो आपण स्वतः जाणूनबुजून केलेल्या कर्मापुढे. कोणी जातीवरून अपमान केला, लायकी असून नोकरी नाकारली, आडनाव ऐकून घर भाड्याने देण्याचे टाळले, तर रात्री बसून 'माझे काय चुकले' असे विचारू नये. तेथे काही चुकले असेल तर ते समोरच्याचे. तेथे लागतो तो संघटनेचा, कायद्याचा आणि संघर्षाचा मार्ग.

परंतु एवढे म्हणून थांबता येत नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी हा आपला नागरी हक्क आहे हे त्या परिषदेने जगाला दाखविले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत जनावराचे मांस खाणे सोडा, उष्ट्यासाठी हात पसरू नका, स्वाभिमानाने जगा, असेही सांगितले. म्हणजे एकाच ठिकाणी दोन गोष्टी झाल्या. जे हिरावले गेले होते ते मागितले गेले आणि जे आपल्या हाती होते ते बदलण्याचा निश्चय झाला. पहिलीसाठी दुसरी थांबली नाही आणि दुसरीच्या नावाखाली पहिली बाजूला सारली गेली नाही.

पाली वाङ्मयात 'हिरी' हा एक सुंदर शब्द आहे. हिरी म्हणजे लाज; परंतु ती स्वतःच्या अकुशल कर्माची लाज. जन्माची लाज, जातीची लाज, आईबापांच्या गरिबीची लाज ही दुसऱ्याने लादलेली असते. ती झुगारून द्यावी. आपण आज कोणाला तरी खोटे बोललो याची जी लाज वाटते, ती मात्र आपली स्वतःची असते. ती जपावी. या दोन लाजांतील फरक ज्याला कळला, त्याला धम्माचा अर्धा भाग कळला.

आपले चांगलेच दिसते

स्वतःकडे पाहणे सोपे नाही, हे सम्राट अशोकानेही नमूद करून ठेवले आहे. त्याच्या स्तंभलेखांपैकी तिसऱ्या लेखाचा हाच विषय आहे. माणूस आपण केलेले चांगले काम तेवढे पाहतो, आपले वाईट काम मात्र त्याला दिसत नाही आणि हे पाहणे फार अवघड आहे, असा त्या लेखाचा आशय आहे. माणसाला खाली ओढणाऱ्या गोष्टी म्हणून तेथे क्रूरपणा, निष्ठुरपणा, क्रोध, अभिमान आणि मत्सर यांची नावे दिली आहेत. हा लेख कोरलेला एक स्तंभ आज दिल्लीत फिरोजशहा कोटल्यात उभा आहे.

हे लिहिणारा मनुष्य साधा नव्हता. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसांना बंदी करून नेले गेले, हे त्याने तेराव्या शिलालेखात स्वतःच्या आज्ञेने कोरविले, व त्याचे आपल्याला दुःख होते असेही कोरविले. जगातील राजे आपले विजय दगडावर कोरवितात. या राजाने आपल्या विजयाने झालेली हानी कोरविली. ज्या विजयादशमीला आपण अशोकाचे नाव जोडतो, तिचे मोल त्या आरशात आहे.

दुसरा मनुष्य आला की धम्म आला

स्वपरीक्षण केवळ बौद्धांतच आहे असे नाही. रोममध्ये सेनेका नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. रोज रात्री दिवा नेल्यावर आणि पत्नी शांत झाल्यावर आपण दिवसभराच्या बोलण्या-वागण्याची तपासणी करतो, असे त्याने क्रोधावरील ग्रंथात लिहिले आहे. सवय उत्तम होती. गुलामांना माणुसकीने वागवावे, असेही त्याने लिहिले. पण तो ज्या समाजात राहत होता तो गुलामांच्या श्रमावर उभा होता, आणि गुलामगिरीच नाहीशी करावी येथपर्यंत त्याची तपासणी पोहोचली नाही. यावरून असे दिसते की, आरसा असून भागत नाही. त्यावर समतेचा उजेडही पडावा लागतो. अंधारात धरलेल्या आरशात आपला चेहरा ठीकच दिसतो.

बाबासाहेबांनी धम्माची जी व्याख्या केली, तिच्यात हा उजेड आहे. एकटाच मनुष्य असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की धम्म हवाच, असे त्यांनी सांगितले. तेव्हा बौद्धाचे स्वपरीक्षण म्हणजे डोळे मिटून मनाची शांती शोधणे एवढेच नव्हे. आज माझा ज्या ज्या माणसाशी संबंध आला, त्याला मी माणूस म्हणून वागवले की नाही, हे तपासणे म्हणजे स्वपरीक्षण.

आपल्या नागपुरातील मनीषनगराचेच उदाहरण घ्या. वर्धा रोडवरून रेल्वेमार्ग ओलांडून आत शिरले की सदनिकांच्या इमारती एकीशेजारी एक उभ्या दिसतात. इंदोरा, पाचपावली, इमामवाडा अशा जुन्या वस्त्यांतून निघून जी कुटुंबे शिक्षणाच्या व नोकरीच्या बळावर अशा नव्या भागांत राहावयास आली, त्यांनी मिळविलेले सुख कष्टाचे आहे. त्याबद्दल कोणी त्यांना दोष देऊ नये. परंतु एक फरक त्यांनी ओळखावा. वसंत मून यांनी 'वस्ती' या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात नागपूरच्या जुन्या महारपुऱ्याचे जिणे लिहून ठेवले आहे. अशा वस्तीत घराला घर लागलेले असे. कोणी दारू पिऊन आला, कोणी बायकोवर हात टाकला, तर चार माणसे दाराशी येत. वस्तीचा डोळा हाच पहारा होता. सदनिकेचे दार एकदा बंद झाले की हा पहारा संपतो. शेजारी लिफ्टमध्ये भेटतो तेवढाच. आत काय चालले आहे हे घरातल्यांनाच ठाऊक. म्हणून जेथे वस्तीचा डोळा नाही तेथे स्वतःचा डोळा अधिक उघडा ठेवावा लागतो.

आता एक प्रसंग कल्पून पाहू. अशाच एका सदनिकेत बौद्ध कुटुंब राहते. दिवाणखान्यात बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे, सकाळ-संध्याकाळ वंदना होते. धुणीभांडी करणारी बाई येते. तिला चहा दिला जातो. पण तिचा कप ओट्याखाली वेगळा ठेवलेला असतो. इमारतीतील इतर घरांतही तसेच चालते, म्हणून येथेही चालते. कोणी मुद्दाम ठरवले नाही. कोणाच्या मनात द्वेषही नाही. पण ज्यांच्या आजोबांना ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, त्यांच्या नातवांच्या घरात आज एका बाईचा कप वेगळा आहे!

अशा घराला कोणता न्यायाधीश शिक्षा करील? कोणता भिक्खू त्या ओट्याखाली वाकून पाहील? कोणीही नाही. तो कप घरच्यांपैकीच कोणाला तरी एखाद्या रात्री दिसला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो इतर कपांत मिसळला पाहिजे. रोजच्या स्वपरीक्षणाचे सारे प्रयोजन या एका कपात आहे. मोठी पापे माणसाला न पाहताही दिसतात. सवयीने होणारा अन्याय मात्र पाहिल्याशिवाय दिसत नाही.

पाहण्यातून निर्मिती

स्वपरीक्षणाने माणूस सदैव खंतावलेला व कोमेजलेला होईल, अशी भीती काहींना वाटते. अष्टांगिक मार्गातील सम्यक् व्यायामाचा अर्थ पाहिला तर ही भीती राहत नाही. त्यात चार प्रयत्न सांगितले आहेत. न उपजलेले अकुशल उपजू न देणे आणि उपजलेले अकुशल सोडणे, हे दोन. न उपजलेले कुशल उपजविणे आणि उपजलेले कुशल टिकवून वाढविणे, हे उरलेले दोन. म्हणजे अर्धे काम निंदणीचे आणि अर्धे पेरणीचे आहे. नुसती निंदणी करणाऱ्याचे शेत स्वच्छ होईल, पण पीक येणार नाही.

ही पेरणी काय उगवू शकते, याचे मोठे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे आहे. त्यांचे छोटेसे दुकान होते. माल बांधून देण्यासाठी आणलेली जुनी वर्तमानपत्रे त्या वाचीत. वाचता वाचता लिहू लागल्या, आणि घरच्यांना कळू नये म्हणून ते लिखाण त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवले. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि पुढे 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तकरूपाने आले. त्या पुस्तकात गावाने महारवाड्यावर केलेला अन्याय आहे. पण बेबीताई तेथे थांबल्या नाहीत. महारवाड्याच्या आत सासवा आपल्या कोवळ्या सुनांचा कसा छळ करीत, सुनेच्या पायात लाकडी खोडा कसा अडकवीत, हेही त्यांनी लिहिले. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध बोलताना आतला अन्याय त्यांनी झाकून ठेवला नाही. दोन्हीकडे एकाच डोळ्याने पाहिले, म्हणून त्यांचा शब्द खरा ठरला.

त्यांच्या आधी एक वर्ष, १९८१ साली, आपल्या नागपूरच्या कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' प्रसिद्ध झाले. ज्या भाषेचा उच्चारही आपल्या पूर्वजांना निषिद्ध होता, ती संस्कृत भाषा शिकून तिच्या प्राध्यापिका झालेल्या या स्त्रीने आपले अनुभव तपासून मांडले. अशा लेखनाने मराठी साहित्याला नवे तोंड फुटले. त्याच्या मुळाशी होते ते आपल्या जगण्याकडे न लाजता, न लपविता पाहण्याचे धैर्य. प्रत्येक घरातून लेखक निघणार नाही. पण जी आई रोज दिवसाकडे वळून पाहते ती मुलांना काल सांगितलेली गोष्ट आज अधिक चांगली सांगते. जो सुतार आपला सांधा पुन्हा पाहतो त्याचा पुढचा सांधा घट्ट बसतो. जो शिक्षक आजचा कोणता मुलगा गप्प राहिला हे आठवतो, तो उद्या त्याच्यापासून सुरुवात करतो. निर्मिती म्हणतात ती हीच.

घरात काय करावे?

यासाठी फार मोठी साधना लागत नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर दहा मिनिटे पुरतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, स्वस्थ बसावे आणि स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आज माझ्या हाताने, शब्दाने किंवा मनाने कोणाला अपाय झाला काय? आज मी कोणते कुशल कर्म केले? उद्या एक गोष्ट वेगळी कोणती करीन? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकच असावे आणि ते करता येण्याजोगे असावे. 'उद्यापासून राग सोडीन' हे उत्तर निरुपयोगी आहे. 'उद्या मुलाचा अभ्यास घेताना आवाज चढला तर उठून पाणी पिऊन येईन' हे उत्तर उपयोगी आहे.

ज्यांना लिहिता येते त्यांनी एका साध्या वहीत दोन ओळी लिहाव्यात. लिहिल्याने चूक अंगाबाहेर येते आणि तिच्याकडे नीट पाहता येते. घरातील ज्या वृद्धांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांपाशी बोलून दाखवावे. ती वही मात्र ज्याची त्याची असावी. नवऱ्याने बायकोची, सासूने सुनेची किंवा आईबापांनी मुलांची वही वाचू नये. ज्या घरात वहीवर पाळत असते तेथे वहीतही खोटे लिहिले जाते.

कुटुंब मिळूनही एक गोष्ट करता येईल. भिक्खू संघात वर्षावासाच्या अखेरीस, आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, पवारणा होते. त्या वेळी प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करतो की, माझ्या हातून काही चूक घडलेली आपण पाहिली असेल, ऐकली असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगावे. ही विनंती करण्यातून थोरल्यांचीही सुटका नसते. आश्विन पौर्णिमा आपल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या तिथीनंतर पाचच दिवसांनी येते. दीक्षाभूमीवरून परतलेल्या कुटुंबाने त्या दिवशी घरात अशी पवारणा करावी. आणि तिची सुरुवात बापाने करावी. आपल्या घरांत दोष दाखविण्याचा अधिकार वरून खाली वाहतो. बाप मुलांचे, नवरा बायकोचे, सासू सुनेचे दोष दाखविते. वर्षातून एक दिवस तरी तो प्रवाह उलटा वाहू द्यावा. 'बाळ, माझे काय चुकते ते सांग' असे बापाने विचारले आणि मुलीने सांगितलेले न रागावता ऐकून घेतले, तर त्या मुलीला समता म्हणजे काय हे पुस्तकातून शिकविण्याची गरज राहणार नाही.

शेवटी धीराची गोष्ट. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले आणि दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली २१ वर्षे त्यांनी धर्म तपासले, ग्रंथ वाचले, आपलाच निर्णय पुन्हा पुन्हा पारखून पाहिला. ज्या महापुरुषाने एका निर्णयासाठी २१ वर्षे विचार केला, त्याच्या अनुयायांनी एका दिवसासाठी दहा मिनिटे विचार करावा, ही अपेक्षा फार मोठी नाही. चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी पुन्हा बसावे. टीप वाकडी गेली तर उसवावी आणि पुन्हा मारावी. आपल्याला मिळालेली धम्मदीक्षा रोज रात्री अशी थोडी थोडी आपली होत जाईल.

नमो बुद्धाय! जय भीम!